कोणी कोणाला ओळखायचे

पत्ता भरून घेणारा एक साधा फॉर्म घ्या. जिल्हा, तालुका, गाव अशा तीन याद्या, पिनकोडची चौकट, ‘कायमचा पत्ता हाच’ असे विचारणारा चेकबॉक्स आणि तळाशी ‘पुढे’ हे बटण. सगळ्या मिळून सहा वस्तू. जिल्हा बदलला की तालुक्यांची यादी बदलायला हवी, तालुका बदलला की गावांची. सगळे भरून होईपर्यंत ‘पुढे’ बटण दाबता येऊ नये. पिनकोड आधी भरला तर निदान जिल्हा आपोआप निवडला जावा, अशी ग्राहकाची इच्छा असते आणि ती रास्तही असते.

पहिल्या दिवशी हे सगळे सरळच लिहिले जाते. जिल्ह्याच्या यादीला तालुक्याच्या यादीचा रेफरन्स द्यायचा आणि निवड बदलली की तिची मेथड कॉल करायची. पिनकोडच्या चौकटीला जिल्ह्याचा रेफरन्स द्यायचा. बटणाला कोणाचाच नको, पण बाकी पाचही जणांना बटणाचा हवा. काम चालू होते. आठवड्याभराने निरोप येतो की जिल्हा हाताने बदलला तर आधीचा पिनकोड पुसला गेला पाहिजे. आता जिल्ह्यालाही पिनकोडची ओळख लागते, आणि पिनकोडला तर जिल्हा आधीपासूनच माहीत आहे. पिनकोड भरला की तो जिल्हा बदलतो. जिल्हा बदलला की तो पिनकोड पुसतो. वापरणाऱ्याने सहा आकडे टाइप करावेत आणि शेवटचा आकडा पडताच चौकट रिकामी होताना पाहावी. यावर तोडगा म्हणून कोडमध्ये एक बूलियन शिरते, ‘हा बदल माणसाने नाही, आपणच केला’ असे सांगणारे. ते खरे करणारी ओळ एका क्लासमध्ये, परत खोटे करणारी ओळ दुसऱ्यात. पुढचा बग कुठून येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पाठ्यपुस्तके या ठिकाणी गणित मांडतात. सहा वस्तूंमध्ये जास्तीत जास्त १५ जोड्या, दहांमध्ये ४५, विसांमध्ये १९०. दोन्ही दिशा धरल्या तर प्रत्येक आकड्याची दुप्पट. गणित बिनचूक आहे, पण मला ते नेहमीच थोडे भाबडे वाटत आले आहे. खऱ्या फॉर्ममध्ये प्रत्येकजण प्रत्येकाशी बोलत नाही. वीस चौकटींच्या फॉर्ममध्ये पंचवीस-तीस नाती निघतील, १९० कधीच नाहीत. खरी अडचण मोजणीत नाही. ‘पिनकोडवरून जिल्हा ठरतो’ हा नियम कोडमध्ये कुठे आहे, या प्रश्नाला उत्तर नसते. अर्धा नियम पिनकोडच्या क्लासमध्ये असतो, पाव जिल्ह्याच्या, आणि उरलेला त्या बूलियनमध्ये.

नियमसुद्धा दिसतो तितका सरळ नाही. ४०३ ने सुरू होणारा पिनकोड गोव्याचा, इथपर्यंत ठीक. पण ४१६ ने सुरू होणारा पिनकोड कोल्हापूरचा असतो, सांगलीचा असतो आणि सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीचाही असतो. म्हणजे पहिल्या तीन आकड्यांवरून कधी एकच राज्य कळते, कधी अनेक जिल्हे समोर येतात आणि मग विचारावे लागते. हे ज्ञान पिनकोडच्या चौकटीचे नाही. तिचे काम सहा आकडे नीट घेणे. जिल्ह्याच्या यादीचेही नाही. तिचे काम नावे दाखवणे आणि निवड लक्षात ठेवणे. हे ज्ञान त्या दोघांमधल्या नात्याचे आहे, आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनेत नात्याला स्वतःची जागा सहसा कोणी देत नाही. आपण नामांचे क्लास करतो, नात्यांना मेथडमध्ये कोंबतो. मीडिएटर पॅटर्न म्हणजे एखाद्या नात्यालाच क्लासचा दर्जा देणे. या पुस्तकात जे काही आहे ते या एका वाक्याचा विस्तार आहे, आणि त्या विस्तारात बऱ्याच अटी आहेत.

कृती सोपी आहे. सहाही वस्तूंकडून एकमेकांचे रेफरन्स काढून घ्यायचे. प्रत्येकीने फक्त ‘माझ्यात बदल झाला’ एवढे कळवायचे. कोणात बदल झाला की कोणी काय करायचे, हे सातव्या ऑब्जेक्टने ठरवायचे. पिनकोडला जिल्हा नावाची काही वस्तू या जगात आहे हेही ठाऊक नसते. उद्या तीच पिनकोडची चौकट कुरिअरच्या दुसऱ्या फॉर्ममध्ये उचलून नेता येते, कारण तिच्या मागे कोणाचे लटांबर येत नाही.

पॅटर्नला हे नाव आणि ठरीव मांडणी मिळाली ती एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस या चौघांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात, १९९४ मध्ये. त्यातल्या २३ पॅटर्नपैकी ११ वर्तनाचे, म्हणजे ऑब्जेक्टनी एकमेकांशी कसे वागायचे याचे. मीडिएटर त्यांपैकी एक. त्यांचे उदाहरण फॉन्ट निवडण्याच्या डायलॉगचे आहे: फॉन्टची यादी, नाव टाइप करायची जागा, ठळक-तिरपे करण्याची बटणे, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा एक ‘डायरेक्टर’. हे उदाहरण हवेतून आलेले नव्हते. गॅमा यांचा झुरिक विद्यापीठातला डॉक्टरेटचा प्रबंध ‘ईटी प्लस प्लस’ या सी प्लस प्लसमधल्या फ्रेमवर्कच्या अनुभवावर उभा होता. व्लिसिडिस स्टॅनफर्डला ‘इंटरव्ह्यूज’ आणि ‘युनिड्रॉ’ या ग्राफिक लायब्रऱ्यांवर काम करून आले होते. खिडक्या, याद्या, बटणे यांच्याशी झटापट केलेली ही माणसे होती. स्मॉलटॉकच्या एका आवृत्तीत ‘व्ह्यू मॅनेजर’ या नावाने हीच युक्ती आधीच वापरात होती, आणि पुस्तकात तसे नमूद आहे. या लेखकांची मला आवडणारी गोष्ट म्हणजे शोधाचे श्रेय ते घेत नाहीत. लोक जे करतच होते त्याला त्यांनी नाव दिले.

लोक किती करत होते? १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि पुढची दहा-पंधरा वर्षे आपल्याकडच्या असंख्य प्रोग्रामरांनी पहिला खराखुरा फॉर्म त्यातच लिहिला. कॉम्बो बॉक्सवर दोनदा क्लिक केले की कोड लिहायची जागा उघडायची, पण ती जागा कॉम्बो बॉक्सच्या आत नसायची. फॉर्मच्या आत असायची. सगळ्या कंट्रोलच्या सगळ्या घटना फॉर्मच्या एका फाइलमध्ये. म्हणजे नाव माहीत नसताना, वर्गात ‘बिहेवियरल पॅटर्न कोणते’ हे पाठ न करता, ही मंडळी मीडिएटरच लिहीत होती. त्याचे फायदे त्यांनी उपभोगले आणि तोटेही पुरेपूर भोगले. तीन-तीन हजार ओळींचा फॉर्म ज्याने सांभाळला आहे त्याला पुढचे एक प्रकरण वाचायचीही गरज पडणार नाही.

त्याही मागे गेले तर १९७४ मध्ये स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये लिहिलेला ‘स्ट्रक्चर्ड डिझाइन’ हा लेख लागतो. कपलिंग आणि कोहिजन ही जोडी प्रोग्रामरांच्या बोलण्यात रुळली ती त्या लेखामुळे. दोन मॉड्यूल एकमेकांत किती गुंतली आहेत, आणि एकाच मॉड्यूलमधल्या गोष्टी एकमेकींच्या किती कामाच्या आहेत. मीडिएटरचा हिशोब याच दोन मापांत मांडता येतो: सहा वस्तूंमधले कपलिंग कमी होते, आणि मीडिएटरच्या आत कोहिजन टिकते की नाही, हा नवा प्रश्न उभा राहतो. तो सुटलाच पाहिजे असे नाही.

इथे एक वेगळा धागा फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. वॉशिंग्टन विद्यापीठात केव्हिन सलिव्हन आणि डेव्हिड नॉटकिन यांनी ‘डिझाइन पॅटर्न्स’च्या काही वर्षे आधी मीडिएटर हाच शब्द घेऊन थोडी वेगळी रचना मांडली होती. चौघांच्या पुस्तकात प्रत्येक वस्तू आपल्या मीडिएटरला ओळखते. तिच्याकडे त्याचा रेफरन्स असतो आणि बदल झाला की ती त्याची मेथड कॉल करते. सलिव्हन आणि नॉटकिन यांच्या रचनेत वस्तू कोणालाच ओळखत नाही. ती नुसती घटना जाहीर करते, आणि मीडिएटर बाहेरून येऊन ऐकायला बसतो. फरक कागदावर बारीक दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या रचनेत पिनकोडच्या क्लासमध्ये ‘मीडिएटर’ हा शब्द येतो, दुसऱ्या रचनेत येत नाही. पहिल्यात एका वस्तूला दोन मीडिएटर हवे असतील तर पंचाईत, दुसऱ्यात दहा जण ऐकत बसले तरी वस्तूच्या गावीही नसते. मला दुसरी रचना जास्त प्रामाणिक वाटते. नाते वेगळे काढायचे ठरवले आहे, तर त्याचा मागमूस वस्तूत का ठेवायचा? चौघांनीही हा पर्याय नाकारलेला नाही. मीडिएटरला बदल कळवण्यासाठी ऑब्झर्व्हर वापरा, असे ते सुचवतात. पण परीक्षेला येणाऱ्या आकृतीत बाण पहिल्या रचनेचे असतात, आणि तेच डोक्यात बसतात.

शेजाऱ्यांशी होणारी गल्लतही इथेच मिटवलेली बरी. फसाड पॅटर्न बाहेरच्यांसाठी असतो: आतल्या दहा क्लासांसमोर एक सोपे दार. आतल्यांना ते दार आहे हेसुद्धा माहीत नसते. मीडिएटर आतल्यांच्या आपसातल्या व्यवहारासाठी असतो. ऑब्झर्व्हरमध्ये बातमी पसरते, पण बातमी ऐकून काय करायचे हे ऐकणारा ठरवतो, म्हणून नियम ऐकणाऱ्यांत विखुरलेले राहतात. मीडिएटरमध्ये ते गोळा होतात. आणि इव्हेंट बस, मेसेज ब्रोकर वगैरे मंडळी निरोप इकडून तिकडे नेतात, त्यात काय लिहिले आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. मी एक रांगडी कसोटी वापरतो. त्या मधल्या क्लासचा कोड उघडा आणि तुमच्या विषयातला एखादा शब्द शोधा: तालुका, पिनकोड, हप्ता, रुग्ण, जे असेल ते. सापडला तर मीडिएटर. नाही सापडला तर ती टपाल व्यवस्था. उपयोगी असेल, पण तिने तुमचा एकही नियम सांभाळलेला नाही. या कसोटीवर डॉटनेटच्या जगातली जिमी बोगार्ड यांची प्रसिद्ध ‘मीडिएटआर’ लायब्ररीही टपालातच जाते. ती विनंती घेते आणि योग्य हँडलरकडे पोचवते. काम चोख करते. मात्र मुलाखतीला येणारी मुले ‘आम्ही मीडिएटर वापरला आहे’ म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा त्यांना ही लायब्ररी म्हणायची असते, आणि पुढचे संभाषण अवघड होऊन बसते.

कसोटी माझीच असली तरी तिला छेद देणारे एक उदाहरण आहे आणि ते टाळणे बरे नाही. २०१४ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी ‘फ्लक्स’ ही रचना जाहीर केली तेव्हा त्यामागची कथाही सांगितली. न वाचलेल्या संदेशांचा आकडा चॅटच्या चिन्हावर दिसायचा; आत जाऊन पाहावे तर नवा संदेश नाही. बग दुरुस्त व्हायचा, काही काळाने परत यायचा, पुन्हा दुरुस्त व्हायचा. कारण तेच, आपल्या पत्त्याच्या फॉर्मचे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर: एका मॉडेलमधला बदल दुसऱ्याला ढकलतो, दुसरा एका व्ह्यूला, तो व्ह्यू पुन्हा तिसऱ्या मॉडेलला. त्यांनी सगळ्या बदलांच्या वाटेत एकच डिस्पॅचर बसवला. प्रत्येक कृती त्याच्याकडून जाणार, आणि एक कृती सगळ्यांपर्यंत पोचून संपेपर्यंत दुसरी सुरू होणार नाही; मध्येच कोणी घुसवू पाहिली तर तो सरळ एरर फेकतो. कोणाला आधी कोणाचे काम पुरे व्हायला हवे असेल तर तसे सांगायची सोय त्यात होती. आता या डिस्पॅचरच्या कोडमध्ये ‘संदेश’ हा शब्द नाही. माझ्या कसोटीवर तो टपाल व्यवस्था ठरतो. तरीही त्याने तो बग आटोक्यात आणला, कारण मध्यस्थीची कामे खरे तर दोन आहेत: नियम जाणणे आणि क्रम राखणे. फ्लक्सने नियम वस्तूंकडेच ठेवून फक्त क्रम आपल्याकडे घेतला. दोन्हींची फारकत करता येते, हे ‘डिझाइन पॅटर्न्स’ वाचून माझ्या लक्षात आले नसते.

आता मीडिएटरच्या सर्वांत लाडक्या उदाहरणाकडे. जवळजवळ प्रत्येक पुस्तक विमानतळाचा कंट्रोल टॉवर दाखवते: वैमानिक एकमेकांशी बोलून कोण आधी उतरणार हे ठरवत नाहीत, सगळे कंट्रोलरशी बोलतात. चित्र सुबक आहे, म्हणून तिथेच सोडले जाते. पण उदाहरण घेतलेच आहे तर पुरते घ्यावे. हवाई वाहतूक नियंत्रणात मध्यस्थाचे काय काय चुकू शकते याच्या नोंदी जितक्या काटेकोर आहेत तितक्या आपल्या धंद्यात क्वचितच कोणी ठेवतो, आणि त्या नोंदींमागे माणसांचे जीव गेलेले आहेत, याचे भान ठेवूनच पुढचे दोन परिच्छेद लिहीत आहे.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी एअरलाइन्सचे बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे उतरत असलेले कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्यूशिन ७६ हरयाणात चरखी दादरीजवळ हवेत आदळले. दोन्हींतले मिळून ३४९ जण मृत्यू पावले. वर चढणाऱ्या विमानाला १४,००० फुटांपर्यंतची परवानगी होती, उतरणाऱ्याला १५,००० फुटांपर्यंतची. मध्ये हजार फूट मोकळे. उतरणारे विमान त्याखाली गेले. कंट्रोलरने दिलेल्या सूचना बरोबर होत्या, पण सूचना पाळली जात नाही हे त्याला दिसायला मार्ग नव्हता: दिल्लीच्या ज्या रडारवर तो पाहत होता त्यावर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. उंची म्हणजे वैमानिक रेडिओवर सांगेल ती. त्यानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे रडार वापरात आले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानात असणे भारतात सक्तीचे झाले. आपल्या कामाचा धडा असा की मध्यस्थाचे जग हे त्याला कळवलेले जग असते. जिल्ह्याची सध्याची निवड मीडिएटरने स्वतःच्या एका फील्डमध्ये उतरवून ठेवली आणि यादी दुसऱ्याच वाटेने बदलली, तर तो बरोबर नियम चुकीच्या माहितीवर लावत बसतो. म्हणून या पुस्तकातले मीडिएटर शक्यतो काही लक्षात ठेवत नाहीत. निर्णयाच्या क्षणी वस्तूंनाच विचारतात.

दुसरी घटना १ जुलै २००२ च्या रात्रीची, जर्मनीतल्या उबरलिंगन गावावरची. त्या आकाशाची जबाबदारी झुरिकच्या नियंत्रण केंद्राकडे होती. एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग एकाच उंचीवर, एकमेकांच्या वाटेवर. दोन्हींत टक्कर टाळणारी यंत्रणा होती. ही यंत्रणा कंट्रोलरला विचारत नाही. दोन विमानांतली उपकरणे थेट एकमेकांशी बोलतात आणि एकाने वर जायचे, दुसऱ्याने खाली, हे आपसात ठरवतात. त्या रात्री यंत्रणेने रशियन विमानाला वर जायला सांगितले आणि मालवाहू विमानाला खाली. त्याच वेळी कंट्रोलर रशियन विमानाला खाली जा म्हणत होता. रशियन वैमानिकांनी कंट्रोलरचे ऐकले, मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी यंत्रणेचे. दोन्ही खाली आली. ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. कंट्रोलर त्या वेळी एकटाच दोन जागा सांभाळत होता, मुख्य रडार प्रणाली देखभालीसाठी मर्यादित स्थितीत होती, फोनही नीट चालत नव्हते. एकाच माणसावर सगळी भिस्त टाकली की काय होते, हा त्यातला एक भाग. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा: मध्यस्थ बसवल्यावरही थेट संवादाची एक वाट उरली होती, ती असायलाच हवी होती, पण दोघांचे म्हणणे वेगळे पडले तर कोणाचे ऐकायचे हे सगळ्या वैमानिकांसाठी निःसंदिग्ध ठरलेले नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत ते स्पष्ट झाले. यंत्रणेचा आदेश कंट्रोलरच्या सूचनेच्या वर.

सॉफ्टवेअरमध्ये हा गोंधळ रोजचा आहे, सुदैवाने इतका महाग नाही. मीडिएटर लिहिला जातो, पण ‘एवढ्यापुरते’ म्हणून कोणीतरी चेकबॉक्सला बटणाचा थेट रेफरन्स देऊन ठेवतो. आता बटण कधी मीडिएटरच्या सांगण्याने मिटते, कधी चेकबॉक्सच्या. दोन मालकांच्या नोकराची जी गत होते ती त्याची. थेट वाट ठेवायला हरकत नाही; वेगासाठी, सुरक्षेसाठी ती कधी आवश्यकही असते. फक्त ती ठेवली आहे हे आणि वरचढ कोण हे कुठेतरी लिहिलेले पाहिजे.

राहता राहिला मीडिएटर फुगण्याचा आजार. लग्नघरात एक मामा असा असतो की त्याला सगळे ठाऊक असते. आचारी, भटजी, बँडवाला, पाहुण्यांच्या गाड्या, सगळे त्याच्याकडेच धावतात, आणि मामा जेवायला बसला की लग्न थांबते. चौघांनीही आपल्या पुस्तकात हा धोका मोकळेपणाने कबूल केला आहे: मीडिएटर कोणत्याही एका वस्तूपेक्षा गुंतागुंतीचा होऊ शकतो आणि मग त्यालाच हात लावायची भीती वाटू लागते. आयफोनचे अॅप लिहिणाऱ्यांत ‘मॉडेल व्ह्यू कंट्रोलर’चा उल्लेख ‘मॅसिव्ह व्ह्यू कंट्रोलर’ असा विनोदाने होतो, तो याच अनुभवातून. एका पडद्याला एक मीडिएटर, ही सवय त्याच्या मुळाशी आहे. पडदा ही दाखवण्याची सोय आहे. नात्यांचा गट तिच्याप्रमाणे पडतोच असे नाही. पत्त्याच्या फॉर्ममध्ये जिल्हा-तालुका-गाव-पिनकोड हे एक नाते आहे, आणि ‘सगळे भरले का’ हे दुसरे. दोघांचे मीडिएटर वेगळे केले की पहिला उद्या दुसऱ्या पडद्यावर नेता येतो. इथे वर सांगितलेली सलिव्हन आणि नॉटकिन यांची रचना उपयोगी पडते, कारण गावाच्या यादीला आपल्यावर दोघांची नजर आहे याची फिकीरच नसते.

पिनकोड-जिल्ह्याच्या त्या चक्राचे काय? नुसता मीडिएटर आणून ते सुटत नाही. बूलियन एका जागी येते, एवढीच प्रगती. बदल आला की प्रत्येक वस्तूवर लगेच हात टाकायचा, ही पद्धत सोडली तर सुटते. मीडिएटरने आधी सगळ्यांची स्थिती वाचायची, नियम लावून प्रत्येकीची नवी स्थिती कागदावर मांडल्यासारखी ठरवायची, आणि जिथे जुनी-नवी वेगळी असेल तिथेच बदल करायचा. हे चालू असताना आलेल्या सूचनांकडे लक्ष द्यायचे नाही. कोणी बदल केला यावर नियम अवलंबून असेल तर तेही आत येताना सोबत घ्यायचे. असे लिहिले की मधला भाग निव्वळ हिशोब उरतो. त्याची टेस्ट लिहायला पडदा लागत नाही, बटण लागत नाही. ‘४१६ चा पिनकोड, जिल्हा रिकामा’ असे द्या आणि त्या सगळ्या जिल्ह्यांचा पर्याय परत येतो का ते पाहा. पुस्तकाचा मधला, सगळ्यात जाडजूड भाग याच तंत्रावर आहे आणि वाचकाने तिथे वेळ घालवावा अशी माझी अपेक्षा आहे.

मीडिएटर कुठे नको, यावर स्वतंत्र प्रकरण नाही, कारण सांगायला थोडेच आहे. दोन वस्तू असतील आणि एकीला दुसरीची ओळख असणे स्वाभाविक असेल, तर मध्ये तिसरी आणणे म्हणजे विनाकारण कागद वाढवणे. यादी आणि तिच्यातल्या ओळी यांच्यात मध्यस्थ कशाला? नाते वर्षानुवर्षे बदलणार नसेल तर तेही जागच्या जागी राहू द्यावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: पंधरा जणांच्या टीममध्ये एकच मीडिएटर असेल तर रोज संध्याकाळी मर्ज कॉन्फ्लिक्ट त्याच फाइलमध्ये होतात. हा तांत्रिक आक्षेप नाही असे कोणी म्हणेल. मी तो तांत्रिकच मानतो.

विद्यार्थ्यांनी कोड आधी पाहू नये, ही विनंती. उदाहरणे जावात आहेत, पण प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला वस्तूंची यादी आणि नियम साध्या मराठीत दिले आहेत. त्यावरून कोण कोणाला ओळखतो याचे बाण स्वतः काढावेत आणि मग पुढचे वाचावे. नोकरी करणाऱ्यांनी उलट करावे: शेवटून दुसरे प्रकरण आधी घ्यावे, कारण त्यात फुगलेला मीडिएटर फोडण्याची रीत पायरीपायरीने आहे, आणि बहुतेकांच्या हातात आत्ता तोच असतो.

शेवटच्या प्रकरणात विषय एका प्रोग्रामच्या भिंती ओलांडतो. वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या सेवांनी मिळून एक बुकिंग पुरे करायचे आहे: पैसे घेणे, जागा राखणे, तिकीट पाठवणे. पैसे गेले आणि जागा मिळाली नाही, तर पैसे परत करायला कोणी सांगायचे? एका सूत्रधार सेवेने, की प्रत्येक सेवेने दुसरीच्या घटना ऐकून आपापले पाहायचे? पहिल्याला ऑर्केस्ट्रेशन म्हणतात, दुसऱ्याला कोरिओग्राफी. झालेले काम उलट पावलांनी मागे घेण्याची कल्पना हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये डेटाबेसच्या लांबलचक व्यवहारांसाठी ‘सागा’ या नावाने मांडली होती. आज ती दोन्ही पद्धतींत वापरली जाते. इथे मध्यस्थ मेथड कॉल करत नाही, नेटवर्कवरून निरोप पाठवतो, आणि निरोप हरवू शकतो, दोनदा पोचू शकतो, किंवा निरोप पाठवून मध्यस्थच बंद पडू शकतो. ‘मध्यस्थाने काही लक्षात ठेवू नये’ हा मघाचा सल्ला त्यामुळे तिथे उलटा होतो: कोणती पायरी झाली हे त्याने डिस्कवर नोंदवल्याशिवाय पुढचा निरोप पाठवायचाच नाही. एकच बुकिंग त्या प्रकरणात दोन्ही पद्धतींनी लिहून दाखवले आहे. सूत्रधाराच्या पद्धतीत पैसे परत करण्याचा मार्ग एका फाइलमध्ये सलग वाचता येतो, पण ती सेवा आडवी झाली की सगळी बुकिंग अडकतात. दुसऱ्या पद्धतीत काहीच अडकत नाही, मात्र एखाद्या प्रवाशाचे पैसे का परत आले नाहीत हे शोधायला तीन सेवांचे लॉग शेजारी ठेवून वाचावे लागतात.